भांड्याला लावलेला मैदा

ती. सासूबाईंस,

डॉक्टरांनी गहू बंद केल्यापासून मला चालेल असा चॉकलेट केक शोधत सगळी दुकानं पालथी घातली. मग तुम्ही तांदळाच्या पिठाचा चॉकलेट केक केलात आणि मी हरखले. तरी पोटातली कळ थांबेना. गेल्या खेपेला दारातून पाहिलं, केक चिकटू नये म्हणून तुम्ही भांड्याला मैदा लावत होतात. वन्संना म्हणालात, “एवढ्यानं काय होतंय? नखरे आहेत तिचे.” मी राग गिळला.

आज लेकाचा रिपोर्ट आला. त्यालाही तोच आजार आहे. सुट्टीसाठी तो तुमच्याकडे, म्हणून लगेच फोन केला.

“आई, आजी मला रोज केकचं भांडं खरवडायला देते!”

“तिला कशाला सांगतोस?” मागून तुमचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

हे पत्र टाकत नाही. मीच निघालेय.

तुमची,
नखरेबाज सून