बाहेरचं कडं कोरडं

७ मे, मंगळवार

काल काय झालं, क्रमाने:
१. संध्याकाळी अर्धा तास पाऊस.
२. मागच्या अंगणात पाणी साचलं. अंगण म्हणजे घर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली मातीची पट्टी. एक कढीपत्त्याचं झाड, एक धुण्याचा दगड, एक स्कूटर.
३. पाणी शिवणाच्या खोलीच्या उंबऱ्याला टेकून थांबलं. त्या खोलीत अक्का फॉल-पिको करतात. साड्या चिकपेट बाजारातल्या एका दुकानातून येतात. म्हणजे लोकांच्या.
४. अक्कांचे यजमान भगवंतराव, माझे घरमालक, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, त्यांनी सुब्बाराव मेस्त्रीला बोलावलं. मेस्त्री म्हणाला, उंबऱ्यासमोर चर खणून पाइप टाकू, रस्त्याच्या गटाराला जोडू. पुढच्या सोमवारपासून काम.
५. मी जिन्यात उभी होते. म्हणाले, आधी माती किती पाणी पिते ते मोजायला हवं.
६. मला कोणी विचारलं नव्हतं.

९ मे, गुरुवार

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात चार वर्षं पावसाच्या पाण्याची मॉडेल्स चालवते आहे. दुसऱ्यांनी मोजलेल्या आकड्यांवर. स्वतः कधी मोजलं नाही, ही त्रुटी नाही, फक्त संधी आली नव्हती.

संकल्प: अंगणात तीन जागा. प्रत्येक जागी दोनदा मोजमाप. प्रत्येक वेळी वेग स्थिर होईपर्यंत थांबायचं. शॉर्टकट नाही.

पद्धत साधी आहे. जमिनीत दोन कडी ठोकायची, एकात एक. दोन्हींत पाणी भरायचं आणि आतल्या कड्यातलं पाणी किती वेगाने उतरतं ते बघायचं. बाहेरच्या कड्यातलं पाणी मोजायचं नसतं. ते फक्त आतल्या पाण्याला बाजूला पसरू देत नाही, सरळ खाली जायला लावतं.

ऑफिसच्या स्टोअरमध्ये कड्यांचा सेट आहे. मागितला असता तर कशाला हवा ते सांगावं लागलं असतं. रंगाचा डबा आणि प्लास्टिकचं पिंप कापून घेतलं.

१२ मे, रविवार

धुण्याच्या दगडाजवळ कडी गेली नाहीत. स्कूटरखालीही नाहीत, तिथली माती चाकांनी दाबून फरशीसारखी झाली आहे. कढीपत्त्याच्या बुंध्याशी सहज गेली. अक्का तिथे दर आठवड्याला खुरपतात. तीनऐवजी एक जागा. प्रातिनिधिक आहे असं मानायला हरकत नाही.

पाणी हा प्रश्न निघाला. काल नळ आलाच नाही, टाकी तळाला लागली आहे. अक्कांनी दोन बादल्या दिल्या. मला डब्यात ओतलेलं पाणी बघत बसलेली पाहून विचारलं, काय गं, मासे सोडलेस की काय? मग म्हणाल्या, अजून हवं तर सांग हं पोरी, स्वल्प आहे, पण देते.

नको म्हणाले.

बाहेरचं कडं एकदा भरलं. विसाव्या मिनिटाला ते रिकामं झालं. उरलेलं पाणी आतल्या कड्यासाठी राखून ठेवलं, कारण मोजायचं तेच असतं. चाळिसाव्या मिनिटाला तेही संपलं. वेग अजून स्थिर झाला नव्हता, पण होण्याच्या बेतात होता.

तिसरी बादली मागता आली असती. पण आपल्या प्रयोगासाठी दुसऱ्याच्या घरातलं पिण्याचं पाणी मागणं मला बरं वाटत नाही. हा स्वभाव आहे, कमतरता नाही.

१४ मे, मंगळवार

वेग: तासाला ९२ मिलिमीटर. या मातीच्या मानाने खूपच जास्त. आधी शंका आली, मग अभिमान वाटला.

शेवटचे दोन आकडे बरेच कमी होते. तेव्हा ऊन चढलं होतं, डोळ्यांवर घाम येत होता. वगळले. त्यानंतर वक्र इतका सुरेख बसला की ऑफिसच्या कलर प्रिंटरवर काढला.

मेस्त्री काल आला नाही. आज येतो म्हणाला होता, आजही नाही. वेळ अजून माझ्या बाजूने आहे.

१६ मे, गुरुवार

अण्णांना ग्राफ दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो आधी उलटा आणि मग सुलटा पाहिला. म्हणाले, निळी रेघ छान आहे. मग विचारलं, मग पाइप नको? मी म्हणाले, नको. जेवढा पाऊस पडेल तेवढा मुरेल. अण्णा म्हणाले, सरी, बरं तर, तू शिकलेली आहेस. आणि तिथल्या तिथे मेस्त्रीला फोन करून काम थांबवलं. मेस्त्रीला बरंच वाटलं असावं. त्याला तुमकूर रोडला मोठं काम मिळालं आहे, आता दोन महिने तिकडेच.

अक्का मशीनवरून उठल्या नाहीत. नक्की का गं, एवढंच विचारलं. मी म्हणाले, पंचाण्णव टक्के. त्या म्हणाल्या, आणि उरलेले पाच कुठल्या खोलीत ठेवू?

अण्णा खूप हसले. मीही हसले. शास्त्रीय अनिश्चितता सामान्य माणसाला समजावून सांगणं कठीण असतं.

२३ मे, गुरुवार

दुपारी सर आली. पाण्याचा थेंबही साचला नाही. मॉडेल सिद्ध झालं. (पाऊस ४ मिलिमीटर. फरशीवरही साचला नसता. तरीही.)

अण्णा शेजारच्यांना सांगत होते, आमच्या वरच्या मजल्यावर सायंटिस्ट राहते. मी ऐकलं नाही असं दाखवलं. दोनदा खाली उतरले.

३० मे, गुरुवार

चिकपेटहून, विश्वासरावांच्या दुकानातून मोठा गठ्ठा आला. त्यांच्या पुतणीच्या, रूपश्रीच्या लग्नाच्या साड्या. सगळ्या रेशमी. अक्कांनी चटईवर मांडल्या. म्हणाल्या, विश्वासराव आजवर लग्नाच्या साड्या मल्लेश्वरमला पाठवायचे, पहिल्यांदा आपल्याकडे दिल्या. मग मला विचारलं, माळ्यावर चढवू का गं? गुडघे कुरकुरतात, पण चढवते.

मी म्हणाले, गरज नाही.

हे शब्द तसेच्या तसे लिहून ठेवत आहे.

२ जून, रविवार

संध्याकाळी ५.१० पासून पाऊस. आजवर इथे पाहिला नव्हता असा.

५.३०: स्कूटरच्या चाकांभोवती पाणी. तात्पुरतं.
५.४५: धुण्याचा दगड अर्धा बुडाला. मुरण्याचा वेग वाढेल असा अंदाज.
५.५५: उंबरा दिसत नाही.

मी वरच्या खिडकीत घड्याळ घेऊन उभी होते. नोंदी घेत होते. खाली अक्कांनी अहोऽऽ अशी हाक मारली तेव्हाही मी आधी ५.५५ लिहिलं आणि मग उतरले.

३ जून, सोमवार

ऑफिसला गेले नाही.

सात साड्या भिजल्या. सगळ्यात खालची मोतिया रंगाची, लाल काठाची. काठाचा रंग अंगात चढला आहे. पाणी जसं कोरड्या मातीत वर चढतं, तसाच. किती चढला ते मी बोटांनी मोजत होते. अक्का माझ्या हाताकडे बघत होत्या. हात मागे घेतला.

अंगणात सकाळीही पाणी तसंच होतं. कढीपत्त्याच्या बुंध्याशी तेवढं नव्हतं.

दुपारी विश्वासराव आले. आरडाओरडा केला नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. विचारलं, पावसाचं पाणी येतं हे माहीत होतं ना? अण्णा म्हणाले, माहीत होतं, मेस्त्रीला मीच थांबवलं. माझी चूक.

मी दारात उभी होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता बोलावं. मग वाटलं, घरच्या माणसांच्या बोलण्यात मध्ये पडू नये.

५ जून, बुधवार

कारणं:
पाऊस अपवादात्मक होता. (होता. पण मी जेवढा पडेल तेवढा म्हणाले होते.)
कंपाउंडपलीकडचं पाणीही आलं असेल. (भिंत अखंड आहे. तपासली.)
माझ्या सांगण्यावर एवढा विश्वास ठेवायला नको होता.

तिसरं लिहून खोडलं, पण वाचता येतं.

खालून आवाज येतात. अक्का अण्णांना म्हणतात, निळी रेघ छान आहे म्हणालात ना, आता तीच नेसवा रूपश्रीला. दुकानातून नवा गठ्ठा आलेला नाही. विश्वासरावांनी सांगितलं म्हणे, घर कोरडं झालं की बघू. मशीन तीन दिवस बंद आहे. वर इतकं शांत असतं हे माहीत नव्हतं.

संकल्प: उद्या सांगायचं.

७ जून, शुक्रवार

काल ओव्हरटाइम होता. आज गेले.

जिन्यात सगळं पाठ केलं होतं. बाहेरचं कडं कोरडं होतं. आकडे मी वगळले. जागा मऊ होती म्हणून निवडली. दारात पोचल्यावर तोंडातून निघालं, अक्का, यंदा पावसाची तीव्रता खूपच जास्त होती.

अक्का गठ्ठ्याचं रिकामं कापड घडी घालत होत्या. हो मॅडम, म्हणाल्या.

तीन वर्षं इथे राहते आहे. पोरी, शाल्मली, एकदा रागाने भवानी. मॅडम आज पहिल्यांदा. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्या खरंच आदराने बोलत होत्या, जसं बँकेतल्या बाईशी बोलतात.

चहा घेता का, असंही विचारलं. नको म्हणाले. वर आल्यावर लक्षात आलं, हेच मी तिसऱ्या बादलीच्या वेळी म्हणाले होते.

९ जून, रविवार

आधी दोन पानं लिहिली. त्यात आकृत्या होत्या. फाडली. तोंडाने सांगायला जमणार नाही हे आता मला नीट माहीत आहे, त्यामुळे हे खाली सरकवणार आहे. इथे प्रत उतरवून ठेवते.

ती. अक्का आणि अण्णा,

अंगणाची माती सगळं पाणी पिते असं मी सांगितलं होतं. ते चूक होतं. मोजताना बाहेरच्या कड्यात पाणी नव्हतं, त्यामुळे आतलं पाणी बाजूला पसरलं आणि मी ते मुरलं असं धरलं. नको असलेले आकडे मी काढून टाकले. अण्णांनी मेस्त्रीला थांबवलं ते माझ्या सांगण्यावरून. साड्या माळ्यावर चढवायची गरज नाही असंही मीच सांगितलं. हे मी विश्वासरावांना दुकानात जाऊन सांगेन. सुब्बाराव मेस्त्रींशी काल बोलले, ते तुमकूर रोडच्या कामातून दोन दिवस काढून पंधरवड्यात येतो म्हणतात.

चर किती खोल हवा ते ठरवायला पुन्हा मोजायला हवं. या वेळी स्कूटरच्या जागी. माती आता ओली आहे, म्हणजे खरा वेग कळेल. त्यासाठी मला बारा बादल्या पाणी लागेल. कदाचित जास्त. बुधवारी नळ येतो.

पाणी द्याल का, ते मंगळवार संध्याकाळपर्यंत कृपया कळवा. मी वरच आहे.

शाल्मली