दुपारच्या चित्रातला धूर

३ मार्च, सोमवार
कचेऱ्यांमधल्या तमाम ज्येष्ठ बंधूंनो! आपण घासायचं आणि काल आलेल्यांनी चमकायचं, हे किती दिवस चालणार? (ही डायरी कोणी वाचत नाही. पण मुद्दा रास्त आहे.)
डोंगरापलीकडे दरवर्षीसारखे गवताचे वणवे पेटलेत. उपग्रहाची चित्रं बघून त्यांचा धूर कुठे सरकतोय ते सांगणं हे आमच्या ऑफिसचं काम. म्हणजे माझं. तरी उद्या टीव्हीवर बोलायला साहेबांनी नव्या मुलीला निवडलं. मला अजिबात वाईट वाटलं नाही. चहा सांडला, तो कपाचा दोष.

४ मार्च, मंगळवार
संकल्प : तिच्याशी मोठ्या मनाने वागणे.
दुपारपूर्वीच मोडला. तिच्या स्क्रीनवर धूर माझ्यापेक्षा ठळक दिसतो. तिला भारी मॉनिटर दिलाय, अशी तक्रार केली. कॉम्प्युटरवाला म्हणाला, दोन्ही एकच आहेत, तुमचा जरा पुसा.
संध्याकाळी टीव्हीवर ती दिसताच मी तो बंद केला. आई म्हणाली, अरे, ऐकू तरी दे. डोळ्यांना त्रास होतो, असं सांगितलं. आई शेजारी निघून गेली.

५ मार्च, बुधवार
मीटिंग. नवीचं म्हणणं, धूर उद्या शहरावर उतरणार. मी दुपारचं ताजं चित्र पडद्यावर लावलं आणि कडाडलो. कुठाय धूर? दाखवा! विरला तो! काय बोललो मी आज!
ती हळूच म्हणाली, "सर, ऊन डोक्यावर असताना पातळ धूर चित्रात दिसत नाही ना. संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की दिसेल. थांबू या का?"
वाक्य ओळखीचं वाटलं. वाटणारच. ती आली त्याच आठवड्यात मीच तिला हे शिकवलं होतं. म्हणजे माझ्याच नियमाने मला खोटं पाडणार! त्यापेक्षा तो नियमच रद्द. संध्याकाळच्या चित्रासाठी थांबलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.
घरी बायको म्हणाली, अहो, टीव्हीवाली खिडक्या लावायला सांगत होती म्हणे, आईंना दमा आहे. मी म्हटलं, टीव्हीवर काय, कोणीही बोलतं. आईने विचारलं, मग उद्या फिरायला जाऊ ना? बिनधास्त जा, म्हटलं. घरात तज्ज्ञ बसलाय. तिच्या खोलीची खिडकी मी स्वतः सताड उघडली.

६ मार्च, गुरुवार
सकाळ. छान धुकं पडलंय.
थोड्या वेळाने. धुक्याला जळका वास आहे. शेजाऱ्यांचं दूध करपलं असणार.
नंतर. आई कोपऱ्यापर्यंत जाऊन भिंतीला धरून परत आली. धाप थांबेना. बायकोने तोंडाला वाफेचं मशीन लावलं, डॉक्टरांना बोलावलं. मी पुढे झालो तर मला कोपराने बाजूला सारलं. बोलली असती तर बरं होतं.

संध्याकाळ. आईचा श्वास ठिकाणावर आला. मी पायाशी बसलो होतो. आई म्हणाली, "परवा शेजारी जाऊन ऐकलं मी त्या मुलीचं. गुणी आहे हो. म्हणाली, धूर तिरप्या उन्हात बघावा, हे मला आमच्या सरांनी शिकवलं. तूच का रे तो?"
असेल कोणीतरी, म्हटलं. मग विचारलं, एवढं ऐकलं होतंस, तर फिरायला गेलीस कशाला?
"तू जा म्हणालास म्हणून."

ऑफिसातून आलेलं संध्याकाळचं चित्र मोबाइलवर उघडलं. शहर दिसत नाही. नुसता धूर. फार ठळक.
बंधूंनो, आपल्या तक्रारीचं नंतर बघू. ती पोरगी सांगते तसं करा. उठा आणि आधी आईच्या खोलीची खिडकी लावा.