ह्यांच्या चपला घालून सिनेमाला

कारापूर, डिचोली
सोमवार, १९ जानेवारी २०२६

सकाळी नळाला पाणी उशिरा आले. पेज केली, वन्संनी दोन वेळा घेतली. दुपारी झोप लागली नाही. आज एवढेच झाले. काल मात्र बरेच काही झाले, म्हणून हे पत्र.

तीर्थरूप दादास विनोदिनीचा नमस्कार. पत्राच्या माथ्यावर श्री घातलेला नाही, त्याचे कारण तुला माहीत आहे. हात सवयीने तिथे गेला होता, मागे घेतला. तुझा गुडघा कसा आहे? सुमनवहिनीने सांगितलेले तेल लावतोस की नुसते कपाटात ठेवतोस? तिकडे पार्शात काजूला मोहोर धरला असेल. नारळ उतरवायला माणूस मिळाला का? (तो मिळत नाही म्हणून तू इकडे येऊ शकत नाहीस, असे तू दिवाळीपासून सांगतो आहेस, म्हणून विचारले.) फोन करायचा सोडून पत्र का लिहिले असे तू म्हणशील. दादा, तू फोन स्पीकरवर ठेवून बोलतोस आणि ऐकू येत नाही म्हणून आवाज पुरता चढवतोस. तुझ्याशी बोललेले चोपड्याच्या पुलापर्यंत जाते. हे तिथपर्यंत जाऊ द्यायचे नाही.

माझी प्रकृती चांगली आहे. जेवते. ह्यांना जाऊन चौथा महिना लागला. आनंदीवन्सं बाराव्याला पेडण्याहून आल्या त्या राहिल्याच, 'ती एकटी कशी रवतली' म्हणून. थोरली नणंद, अठ्ठ्याहत्तरीची बाई, माझ्यासाठी आपले घर बंद करून राहिली आहे, तेव्हा तक्रार करणे शोभत नाही आणि मी करतही नाही. फक्त त्यांची खुर्ची कुठे असते ते सांगते. ती ओसरीत अशी मांडलेली असते की पुढचे दारही दिसावे आणि स्वयंपाकघरातून मागे जाणारी वाटही. त्या खुर्चीत त्या तांदूळ निवडतात, वाती वळतात आणि डुलकी काढतात, पण डुलकीतसुद्धा एक डोळा पुरता मिटलेला नसतो. आमच्या घरची रीत तुला ठाऊक आहे. नवरा गेला की माहेरचा माणूस यावा, त्याने आधी देवळात नेऊन आणावे, मग बाईने आपली आपण उंबरा ओलांडायचा. माहेरचा माणूस म्हणजे तू. (गुडघा, नारळ, गाडीचे ब्रेक, आणि मधे एकदा म्हशीचे काहीतरी. मी काही म्हणत नाही.)

तर आमचे चित्रपट मंडळ. हे वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी ते काढले, हे तू जाणतोस, कारण एकदा तू तिथे झोपला होतास. वाचनालयाच्या सभागृहात महिन्याला एक जुना सिनेमा आणि सिनेमा संपला की चहा घेऊन प्रेक्षकांनी आपापले मत सांगायचे, अशी पद्धत. त्यातला एक सिनेमा ह्यांचा अतिशय आवडता. परदेशी, काळापांढरा, तुरुंगातून पळून जाण्याचा. समुद्रातल्या खडकावर किल्ल्यासारखा तुरुंग, एका कोठडीत दोन कैदी, एक तरुण आणि एक म्हातारा. दोघे मिळून भुयार खणतात, पण म्हाताऱ्याला त्यातून सरपटता येत नाही. मग तरुण निघून जातो आणि म्हातारा मागे राहतो. दोघांनाही खोकला असतो, म्हणून पहारेकरी अंधारात दाराबाहेरून नुसता खोकला ऐकून जात असतो. त्या शेवटच्या खेपेला म्हातारा एकटाच दोघांचे खोकतो. एकदा आपल्या घशातून, एकदा पोराच्या. बस, एवढीच गोष्ट. हे तो सिनेमा दर वर्षी लावायचे आणि दर वर्षी सगळे येऊन तीच मते द्यायचे.

बाबुराव वेंगुर्ल्याकडचे, इथे खाणीवर ट्रक चालवून म्हातारे झाले. त्यांचे मत एकच: 'सगळा बरोबर, पण इतकी माती काढल्यान ती टाकल्यान खंय?' ह्यांनी त्यांना किती परीने समजावले की कैदी ती खिशातून नेऊन अंगणात सांडतात, तसे दाखवलेही आहे. बाबुराव म्हणायचे, खिशातून माती जाता तर आमका ट्रक कित्याक लागले असते? गौरेश पंचायतीत कारकून आहे. त्याला कैद्यापेक्षा जेलरची काळजी. दर वेळी तो सांगतो की जेलर माणूस वाईट नव्हता, नियमाप्रमाणे वागत होता, आणि आता उगाच चौकशी लागून त्याचे पेन्शन अडकणार. तेजस्विनी शाळेत शिकवते. तिच्या मते तुरुंग हे प्रतीक आहे. हे विचारायचे, कशाचे? ती म्हणायची, ते ज्याने त्याने ठरवावे. मग वाटेत घरी येताना हे मला विचारायचे, 'तुला काय वाटलं?' मी म्हणायची, 'बरा आहे.' हे म्हणायचे, 'बरं.' इतक्या वर्षांत आमचे त्या सिनेमावर झालेले बोलणे एवढेच. मला चारचौघांत बोलता येत नाही, आणि ह्यांच्यासमोर आले असते तर तेवढ्यात घर यायचे.

काल रविवारी मंडळाने ह्यांच्या स्मरणार्थ तोच सिनेमा ठेवला होता. आदल्या दिवशी तेजस्विनी बोलवायला आली. मी तोंड उघडण्याआधी वन्संनी खुर्चीतून उत्तर दिले, 'ती खंय येवची नाय. अजून देवाचो उंबरो चढूक नाय ती, आणि सिनेमाक जातली?' तेजस्विनी माझ्याकडे बघत राहिली. मी चहाचे आधण ठेवायला आत गेले. पण दादा, त्या रात्री माझ्या मनात आले की ह्यांच्या सिनेमाला सगळे गाव जाणार, बाबुराव मातीचे विचारणार, आणि ज्या माणसाला ह्यांनी सर्वांत जास्त वेळा विचारले ते माणूस घरात बसून तांदूळ निवडणार. वर्ष सरल्यावर सिनेमा पुन्हा लागेल, पण तो स्मरणार्थ नसेल. मला जायचेच होते. उत्तर द्यायचे राहिले होते.

बेत सिनेमातूनच घेतला. जेवणानंतर वन्संना सांगितले की मी खोलीत स्तोत्र ऐकत पडते. फोनवर एक लांबलचक स्तोत्र लावले, फोन उशीवर ठेवला, दार ओढून घेतले. हे माझे खोकणे. (स्तोत्राच्या मधेच गादीची जाहिरात लागते हे मला माहीत नव्हते. निघताना मागच्या पडवीत ऐकू आले की एक बाई पाठदुखी कायमची जाईल म्हणून ओरडते आहे. परत फिरायला वेळ नव्हता.) खरी अडचण चपलांची. माझ्या चपला पुढच्या दारात, वन्संच्या खुर्चीच्या पायाशी. मागच्या दारात ह्यांच्या होत्या, परसात जाताना घालायच्या. त्या तिथून कोणी उचलल्या नव्हत्या, मीही नाही. त्याच घातल्या. मोठ्या होतात, फटक फटक वाजतात. विहिरीकडून गेले, केळींतून गेले, बांधावर एका पायातली निसटून खाली गेली ती उतरून आणली. साठी उलटलेली बाई, डोक्यावरून पदर, पायांत पुरुषाच्या चपला, दिवसाढवळ्या बांध उतरते आहे. कोणी पाहिले असते तर बरे दिसले नसते. पण मला हसू येत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा आले.

सभागृहात शेवटच्या रांगेत खांबाआड बसले. पहिल्या खुर्चीवर ह्यांचा फोटो हार घालून ठेवला होता. ह्यांना पुढे बसलेले कधी आवडले नाही, मान दुखायची. सिनेमा नेहमीसारखा झाला. म्हातारा खोकला तेव्हा सभागृहातही दोघे-तिघे खोकले, ते दर वर्षी खोकतात. संपल्यावर चहा आणि पाव-भाजी सांगितली, आणि मी आता निघावे की थांबावे याचा विचार करत असतानाच बाहेर दारात गलका झाला.

ह्यांच्या चपला, दादा. दारात काढलेल्या. उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता तो ह्यांनी वीज खात्याच्या काळ्या टेपने गुंडाळलेला होता, आणि ती टेप साऱ्या कारापूरला ओळखीची आहे. बाबुराव पान थुंकायला बाहेर गेले ते न थुंकताच आत आले, तोंड पांढरे, आणि म्हणाले, 'अरे, रामचंद्रबाब इलो!' चहा देणारी माणसे थांबली. तेजस्विनीने फोटोकडे पाहिले. कोणीतरी पंखा बंद केला, का ते माहीत नाही. गौरेश म्हणाला, असे होऊच शकत नाही, मृत्यूची नोंद मी स्वतःच्या हाताने घातली आहे. बाबुराव म्हणाले, 'नोंद तू घातलंय, पण चपला कोणी घातल्यान?' दोन बाया हात जोडून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने कोणी नारळ फोडला असता.

मग मी उभी राहिले. एका हाताने खांब धरला. म्हटले, 'त्या मी घालून आले.' एवढे बोलून बसणार होते. पण सगळे वळून बघत होते आणि गौरेशने (तो गोंधळला की काहीतरी काम करतो) माझ्या हातात माइक दिला. कालच्या कार्यक्रमाला देवळाचा लाउडस्पीकर मागून आणला होता. म्हणाला, काकी, आलाच आहात तर मत सांगा.

सांगितले. म्हटले की तुम्ही सगळे जाणारा कसा गेला ते बघता. मी दर वेळी राहणाऱ्याकडे बघते. त्याला भुयारातून जाता येत नाही हे त्याला खणतानाच माहीत असते, तरी तो खणतो. आणि शेवटी दोघांचे खोकतो, ते नक्कल केल्यासारखे नाही, पोराचा खोकला त्याने इतके दिवस जवळून ऐकलेला असतो म्हणून त्याला येतो. आता मला घरात तसे होते. संध्याकाळी मी दोघांचे बोलते, मनात. बाबुराव, माती त्याच्या छातीत गेली, म्हणून तो खोकतो. आणि आमच्या घरी मला दर वेळी विचारणे व्हायचे की सिनेमा कसा वाटला, आणि मी बरा आहे म्हणायची. तर तो बरा नाही. चांगला आहे. हे सांगायला आले होते.

फोटोकडे बघून बोलले असे तेजस्विनी नंतर म्हणाली, मला आठवत नाही. टाळ्या झाल्या. आपल्या शाळेत गायनाला मला बक्षीस मिळाले होते तेव्हासुद्धा इतक्या झाल्या नव्हत्या. बाबुराव माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले, डोळे पुसले आणि म्हणाले, 'वैनी, माझो प्रश्न सुटलो.' इतक्या वर्षांनी, दादा! ह्यांना जमले नाही ते मला जमले. पाव-भाजी न खाता निघाले, तरी तेजस्विनीने दोन पाव पदरात बांधलेच.

आले तशीच मागून घरात शिरले. चपला होत्या तशा ठेवल्या, फोन बंद केला, तोंडावर पाणी मारले आणि ओसरीत आले. वन्सं वाती वळत होत्या. माझ्याकडे बघून एवढेच म्हणाल्या, 'इतको येळ न्हाणयेत, आणि केस सुके?' न्हाणी मधेच कुठून आली ते मला समजले नाही. मी म्हटले, डोक्यावरून न्हायले नाही. त्या बरं म्हणाल्या. विषय संपला. तेव्हा मी गेले, बोलले, आले, आणि घरात कोणाला पत्ता नाही. मोठी बढाई मारण्याचा माझा स्वभाव नाही, पण त्या तरुण कैद्यालासुद्धा परत आत शिरून दाखवायचे नव्हते.

वहिनीस नमस्कार. मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझी धाकटी बहीण
विनोदिनी

ता. क. मुख्य काम राहिले. येत्या रविवारी तू येच. मला रीतीप्रमाणे पहिल्यांदा देवळात ने, आणि मी पहिल्यांदाच बाहेर पडते आहे असे तोंड कर. मीही करीन. उंबऱ्यावर जरा थांबेन, तू 'चल गो' म्हण. तुला सोंग जमत नाही, म्हणून आठवडाभर आधी कळवते आहे. वाटेत बाबुराव भेटले तर तू पुढे चालत राहा.

ता. क. २. वरचे सगळे रद्द. पत्राची घडी घालत होते तर वन्सं समोर येऊन बसल्या आणि हसायलाच लागल्या. मी त्यांना हसताना कधी पाहिले नव्हते. त्या गादीच्या जाहिरातीलाच त्या उठून आल्या होत्या, खोली रिकामी बघितली, मागच्या दारात चपला नाहीत हेही बघितले, आणि पुन्हा जाऊन खुर्चीत बसल्या. थोड्या वेळाने शेजारची सुलोचना समाचाराला आली. तिला सांगितले, विनोदिनी न्हाणयेत आसा. सुलोचना म्हणाली, थांबते. थांबली. आणि तेवढ्यात वाचनालयाच्या आंब्यावरचा भोंगा, जो सकाळी कार्यक्रम पुकारायला लावला होता आणि बंद करायचे गौरेशला सुचले नव्हते, त्यातून माझा आवाज आला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्या वाड्यावर. सुलोचना म्हणाली, 'आनंदीबाय, ही तर विनोदिनी!' वन्सं म्हणाल्या, 'न्हाणयेत आवाज असोच घुमता.'

मी विचारले, तुम्ही मला अडवले का नाही? वन्सं पुन्हा वाती वळायला लागल्या. त्यांचा नवरा गेला तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. वडील अंथरुणाला खिळलेले, आणि भाऊ म्हणजे हे, शाळेत जाणारे पोर. माहेरचे कोणी न्यायला आले नाही. वर्ष तसेच काढले, आणि मग एक दिवस कळशी घेऊन त्या आपल्या आपणच पाण्याला निघाल्या. रीत म्हणजे खुर्ची मांडून राखण करायची, त्यांना एवढेच ठाऊक. म्हणाल्या, 'माझ्या येळार खोकूक कोण नव्हता गो.'

ता. क. ३. तरी रविवारी येच. गाडी आण, मागची सीट मोकळी ठेव. आम्ही दोघी आहोत, आणि दोघींनाही तूच न्यायचे आहेस. उंबऱ्यावर 'चल गो' दोनदा म्हण. थोरलीला आधी.

वन्संचा डोळा लागला आहे, दोन्ही पुरते मिटले आहेत. डिंक संपला आहे, तेव्हा भाताची दोन शिते घेऊन पाकीट चिकटवते. चपला पुढच्याच दारात आहेत, माझ्या. त्या घालून नाक्यावरच्या पेटीत टाकून येते.