लाईनमधली खरखर

पपा, तुमचा मोडेम आज माळ्यावरून खाली काढला. कॉम्प्युटरच्या आत बसणारा स्वस्त पडेल, असं नगरचा दुकानदार सांगत होता, पण तुम्ही ऐकलं नाहीत. "आत काय चाललंय ते दिसत न्हाई. भायेरचा, दिवेवाला द्या." नागापूरच्या कारखान्यात मशीनचे दिवे बघण्यात तुमची उमर गेली. न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा ठेवायचा तो रविवारी, चर्चपुरता. दादा तुमच्याशी भांडून मस्कतला गेला होता. "माघारी येऊ नको," असं तुम्हीच म्हणाला होतात. नंतर त्याने आईला एकदाच फोन केला आणि माझ्या मेलवर लिहीन म्हणाला. तेवढ्या एका वाक्यापायी आपल्या घरात कॉम्प्युटर आला.

तुम्ही कामावरून येता, हातपाय धुता आणि चहा न घेताच समोर बसता. मोडेम फोनच्या लाईनवरून नंबर फिरवतो, किंचाळतो, दिवे लागतात आणि थोड्याच वेळात सगळं तुटतं. तुम्ही वायर बदललीत, दुकानदाराशी हुज्जत घालून मोडेमही बदलून आणलात. शेवटी लाईनमन येऊन म्हणाला, "काका, लाईन साफ हाय. घरात कुनी दुसरा फोन उचलतंय का बघा." आई उचलत होती. नंबर फिरल्याचा आवाज आला की तिला वाटायचं, तुम्ही दादालाच फोन लावताय. मग ती स्वयंपाकघरातला फोन हळूच कानाला लावायची आणि त्या किरकिरीत त्याचा आवाज शोधायची. "मला वाटलं, बोलंल येखांदा शब्द," ती म्हणाली. तुम्ही रागावला नाहीत. मान खाली घालून तिच्या फोनची वायर काढलीत.

मग कनेक्शन टिकायला लागलं. दिवे सलग पेटलेले आणि इनबॉक्स रिकामा. "नीट उघडलं का?" तुम्ही रोज विचारायचात. नीटच उघडलेलं असायचं. काही आठवड्यांनी बघते, तर स्वयंपाकघरातला फोन परत जोडलेला. "तुझ्या आईची अडचन हुती," माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात. त्या संध्याकाळी कनेक्शन तुटलं, तसे तुम्ही अगदी हलके होऊन उठलात. "लाईनच खराब हाय, पोरी. त्यानं लिवलं असंल, पोचंना." शेवटपर्यंत तुम्ही हेच म्हणत राहिलात. मला राग यायचा. एवढा कसबी फिटर, आणि स्वतःचीच समजूत घालत बसलाय.

दादाचा अजून पत्ता नाही. तुम्ही गेल्याचं, मग आई गेल्याचं कळवायचं कुठे, हेसुद्धा माहीत नव्हतं. घरचा फोन अजून कशाला ठेवलास, असं लोक विचारतात. त्याच्याजवळ एवढा एकच नंबर असेल, म्हणून ठेवलाय. मागे आपल्या भिंगारचा रस्ता खोदला तेव्हा केबल तुटली आणि तो फोन मुका झाला. तक्रार केली तर दुरुस्त करून देतील. मी केलेली नाही, पपा, आणि करीन असं वाटत नाही. लाईन चांगली होती तेव्हा इतकी वर्षं तो वाजला नाही. आता न वाजायला निदान काहीतरी कारण आहे.