आभाळातला ठिपका

मंगळवार, संध्याकाळ

सुमित्राच्या कॅमेऱ्याचा सेन्सर पुसायच्या काड्या आल्या, द्रवाची बाटली नाही. बुधवार पेठेतल्या दुकानदाराला फोनवर चांगलंच सुनावलं. माझी भाषणं ऐकलेला तो शांतपणे म्हणाला, "अहो, पेटणारा द्रव विमानाने पाठवत नाहीत. ट्रकने येतोय. सभेत पेटायला आपण आहातच."

मग तिचे फोटो पाहत बसलो. प्रत्येक आभाळात उजवीकडे तोच ठिपका, सेन्सरवरच्या धुळीचा, दूरच्या घारीसारखा. ती वारली, आता कॅमेरा आमच्या लेकीला द्यायचाय, स्वच्छ करून. पण धूळ शिरली कधी? टेकडीवर ती लेन्स बदलत होती, मी तावातावाने बोलत होतो. कॅमेरा उघडाच धरून ती ऐकत राहिली. वारा होता.

सभागृहं भरली, पण इतकं मन लावून मला कुणी ऐकलं?

ती घार... राहू दे अजून थोडी. ट्रक कुठल्यातरी घाटात असेल. सावकाश येऊ दे.