बारा पांढऱ्या चकत्या

२ ऑगस्ट, शुक्रवार

डोळे मिटून! व्हेपच्या दुकानात कांग रुहियात (कांग म्हणजे दादा) डोळे मिटून बसले होते आणि माझ्या हातातल्या ड्रिलवर कॉइलची तार चढत होती. आत दोन जाड तारा, त्यांच्यावर केसाएवढी बारीक तार गरागरा गुंडाळत जाते — सूंऽऽ असा एकच आवाज. मधेच म्हणाले, "थांबव, नेंग. फट पडली."

नेंग म्हणजे पोरी, म्हणजे मी. मला काही दिसेना. भिंग लावलं. होती! खरंच होती!

कसं कळलं विचारलं तर म्हणाले, "आमचा बाप अंगक्लुंग वाद्य सुरात लावायचा. बांबू तासायचा, हलवायचा, ऐकायचा. डोळ्यांनी कधी सूर लागतो का?"

बुबुन कोपऱ्यात बसून गरम तळलेलं सिरेंग खात होता. दिवसभर मोटारसायकलवर सवाऱ्या मारतो, उरलेला वेळ इथेच पडीक. म्हणे, "कांग, माझ्या बायकोच्या मनात काय चाललंय तेही ऐकून सांगा ना."

"ते तुला ऐकू येईलच. आख्ख्या गल्लीला येईल."

सात महिने येतेय मी. पोरांना इंग्लिश शिकवून झालं की थेट दुकानात, कॉइल शिकायला. तरी अजून अंगावर काटा येतो.

४ ऑगस्ट, रविवार

माझी जोडी तयार! सहा-सहा वेढ्यांच्या दोन कॉइल, व्हेपच्या नळीत तापून वाफ करणाऱ्या. मीटर मी मोठ्यानं वाचला — पॉइंट एकोणीस ओहम. (मीटर नेहमी मीच वाचायचा, हा नियम. "जिभेला आकड्यांची सवय हवी.") बटण दाबलं. एक कॉइल मधून लाल झाली, दुसरी आधी कडेला पेटली. कांगनी चिमटा हातात दिला, "छेड." मी तारेवरून चिमटा ओढत राहिले, चर्रर्र, चर्रर्र. परत बटण. परत कडेलाच.

त्यांनी दोन्ही कॉइल काढल्या आणि ओढून सरळ केल्या. माझे दोन तास — सरळ!

तेह इमास म्हणजे कांगची बायको, दुकान तीच चालवते. काउंटरवरून म्हणाली, "किती तार वाया घालवशील गं? एवढ्यात कोंबड्यांचं खुराडं झालं असतं."

६ ऑगस्ट, मंगळवार

लागली!!!

मधोमध एक लाल ठिपका, तांदळाएवढा. मग तो केशरी झाला आणि दोन्हीकडे सरकायला लागला, हळूहळू, कुणी फुंकर घातल्यासारखा. आणि दोन्ही कॉइल एकदम! जुळ्या बहिणी! हे मी केलं? या हातांनी? मी बटण सोडायलाच विसरले. बुबुन ओरडला, "अगं जाळशील दुकान!"

 कांगनी चिमटा एकदा कॉइलवरून फिरवला, मान वाकडी करून ऐकलं. मग म्हणाले, "सतराला तू बस."

सतरा ऑगस्टला! त्या आमच्या स्वातंत्र्यदिनाला मैदानात पोत्यात उड्या मारायची शर्यत असते, लोंबत्या क्रुपुक पापडाला हात न लावता खायची शर्यत असते, तेल लावलेला खांब असतो — आणि कॉइल बांधायच्या स्पर्धेचं टेबल. प्रत्येक दुकानाला एकच खुर्ची. आमच्या खुर्चीत गेली चार वर्षं कांग बसतात. चारही वर्षं पहिले.

"आणि तुम्ही, कांग?"

"मी मागे उभा राहीन. ऐकेन."

झोप येणार नाही आता.

८ ऑगस्ट, गुरुवार

आज सेलना नवीन कपडे! झेंड्याची लाल-पांढरी कव्हरं आलीत, सगळ्यांना सतराच्या आत हवीत. बारा सेल. दहा लोकांचे मी केले, कांगनी त्यांचे दोन स्वतः केले, माझ्याच शेजारी बसून. जुनं कव्हर सोलायचं, वरच्या टोकाभोवती पांढरी चकती ठेवायची, नवं कव्हर चढवायचं आणि केस वाळवायच्या मशीननं गरम करायचं. कव्हर आकसून सेलला असं घट्ट बसतं ना — बघत राहावंसं वाटतं.

चकती साधी कागदाची. पण कव्हर वरून फाटलं आणि खाली चकती नसली, तर सेलचं टोक आणि सेलचं अंग नळीत एकमेकांना टेकतात. आमच्या नळ्यांमध्ये सर्किट-बिर्किट काही नाही. पितळी नळी, एक सेल, एक बटण. अडवणारं कुणी नाही. सगळी वीज एका क्षणात बाहेर!

"भिंत आहे ही," कांग चकती बोटावर घेऊन म्हणाले. "कागदाची भिंत."

म्हणून मी बारा चकत्या आधीच मोजून दोघांच्या मधे बशीत काढल्या होत्या. शेवटी बशी रिकामी. शाब्बास मी!

९ ऑगस्ट, शुक्रवार

क्लासमध्ये पोरं विचारतात, मिस, एकट्याच का हसता? सांगू काय यांना!

११ ऑगस्ट, रविवार

बशी धुवायला घेतली. पांढऱ्या बशीच्या तळाला एक चकती चिकटलेली. पांढरी, नवी कोरी.

 म्हणजे एका सेलवर चकती नाही. कुणाच्या तरी खिशात तो सेल आहे. कुणीतरी तो तोंडाजवळ धरतंय.

कुणी बघितलं नव्हतं. नळ सुरू ठेवून मी मोरीत उभी राहिले. सोडून दिली असती तर गेली असती वाहून. खुर्ची माझीच राहिली असती. 

मग बाहेर आले आणि चकती काउंटरवर ठेवली.

तेह इमास ताडकन म्हणाली, "लोकांच्या मांड्या भाजल्यावर काय, झेंड्याच्या कव्हरनं झाकणार?"

कांग ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं. "तुझे दहा सेल बघ आधी. तोवर खुर्ची रिकामी."

१२ ऑगस्ट, सोमवार

दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर लिहिलं. खरंखरं लिहिलं, माझी चूक झाली म्हणून. वापरू नका, सेलचा वरून फोटो काढून पाठवा. तासाभरात सहा फोटो आले. सहाही जणांच्या चकत्या जागेवर! बुबुननं फोटोखाली लिहिलं — "माझ्या सेलवर चकती आहे. आता तुझ्या डोक्यात मेंदू आहे का तेही बघून घे."

माझं नाव पडलंय — चकती मिस.

चौघांचं उत्तर नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

दोन सापडले. एक मशिदीजवळचे न्हावी, पाक हाजी सोबांदी. गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीत सोडून नळी शोधायला लागले. गिऱ्हाईक फेस लावलेल्या तोंडानं म्हणतं, "हाजी, मी जाऊ का असाच?" दुसरा त्यांच्याच शेजारचा टायरवाला. दोघांनाही चकती आहे.

फिरवतो बुबुन. पैसे घेत नाही. म्हणतो, "शिव्या द्यायला मिळतात, तेच भाडं."

१४ ऑगस्ट, बुधवार

मांग इकिन (मांग म्हणजे काका), सहा आसनी चालवतात. त्यांना गाठायला आख्खी लाइन पालथी घातली, शेवटी स्टॅंडवर भेटले. वय झालंय, ग्रुप-बिप वाचत नाहीत. खिशातून सुटा सेल काढला — किल्ल्या आणि चिल्लर यांच्याबरोबर ठेवलेला! कव्हर वरून फाटलेलं. टोकाशीच.

आणि खाली चकती. शाबूत. किल्लीच्या दाताची खूण होती तिच्यावर.

कितीतरी वेळ तो सेल हातात धरून उभी होते. एवढासा कागद! या माणसाचा पाय आणि आग यांच्यामध्ये फक्त तो होता. मीच ठेवला होता — ठेवताना मनात खुर्ची होती, टाळ्या होत्या. मांग इकिनचा पाय नव्हता.

"रडतेस काय, नेंग? सेल तर चांगला आहे," म्हणाले.

दुकानात नेऊन नवं कव्हर घातलं, परत आणून दिलं. सेल ठेवायच्या डबीसकट. त्यांना दोनदा बजावलं, सुटा ठेवायचा नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

दहावा सेल जातिनांगोरच्या कॉलेजातल्या एका मुलीकडे होता. वापरलाच नव्हता. लाल-पांढरा छान दिसतो म्हणून कपाटात मांडून ठेवलेला. चकती आहे!

दहाच्या दहा! बुबुननं हॉर्न वाजवत रस्त्यातच गोल चक्कर मारली. "खुर्ची आली, चकती मिस!"

मीही ओरडले. आणि मग, त्या ओरडण्याच्या मधेच, गप्प झाले.

चकत्या बारा होत्या.

बुबुनला बोलले नाही. दुकानातही गेले नाही. कांगना कसं विचारायचं? ज्यांना केसाएवढी फट ऐकू येते त्यांना म्हणायचं — तुमचं दाखवा? पोरीला खुर्ची काय दिली, डोक्यावर बसली, असंच म्हणतील. आणि न विचारावं तर ते परवा मैदानात तीच नळी तोंडाला लावणार.

विचारणार. खुर्ची गेली तर गेली.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

विचारलं. तेह इमास हसली, "अगं बाई, आता गुरुजींची परीक्षा!" कांगनी दोन्ही नळ्या उघडून दिल्या. पहिल्या सेलवर चकती होती. दुसऱ्यावर नव्हती.

त्यांनी तो सेल नाकाजवळ नेला, मग हात लांब करून धरला, मग परत माझ्या हातात दिला. म्हणाले, "दोन वर्षं झाली. जवळचं काही दिसत नाही."

"मग चष्मा!" तेह इमास किंचाळली. "बाजारात पाटीत घेऊन बसतात विकायला!"

"चष्मा लावणाऱ्याच्या हातची कॉइल कोण घेईल?"

 मग कांगनी त्यांचा फोन पुढे केला. ग्रुप उघड म्हणाले. "लिही. चकती माझ्या सेलवर नव्हती. पोरीची चूक नाही. उद्या खुर्चीत तीच. खाली माझं नाव घाल."

मी लिहिलं.  मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण त्यांना जवळचं वाचता येत नव्हतं — आणि सात महिने मीटर वाचून मी तेच करत होते.

"पाठव, नेंग."

पाठवलं.