फळी कधीचीच बोलत होती

प्रिय आईस,

इतक्या लांबून वाकून नमस्कार. मी ठीक आहे, दोन्ही वेळा नीट जेवतो. गुडघ्याला तेल लावतेस ना? ताईची पोरगी चालायला लागली का?

फोनवर मी नुसतं हं-हं करतो म्हणून तू रुसलीस, असं ताईनं कळवलं. रुसू नकोस, कारण सांगतो.

गिटारची वरची फळी आम्ही हातानं रंधतो. मधूनमधून बोटाच्या पेरानं ठोकायची आणि कान द्यायचा. ती घुमली की रंधा खाली ठेवायचा. परवा माझी फळी काही केल्या घुमेना, म्हणून मी रंधतच राहिलो. शेवटी म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझा हात धरला. फळी खिडकीकडे धरली, तर उजेड आरपार दिसला. "अरे, ही कधीचीच बोलतेय," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणतात, गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेही हळूहळू जाईल. 'कानात बोळे घातलेत का?' म्हणून ओरडायचीस ना, तसंच समज. काम सुटलेलं नाही. आता फळी हनुवटीला टेकवून ठोकतो, मग आवाज हाडातून येतो. बाकीचे हसतात, मीही हसतो.

तेव्हा फोन नको, ताईकडून पत्र लिहून घेत जा. सुट्टी मिळाली की येतो. आलो की तुझ्या खांद्यावर हनुवटी टेकवीन. तेव्हा जेवायला बोलवायचीस तशी मला एकदा हाक मार.

तुझाच,
धाकटा